मागच्या बाकावर बसण्याचे प्रशिक्षण

डी.एड. किंवा बी.एड. करताना पाठ कसा घ्यायचा हे शिकवतात. दुसऱ्याचा पाठ कसा पाहायचा, आणि पाहून झाल्यावर त्याच्याशी काय बोलायचे, हे मात्र त्या अभ्यासक्रमात जवळजवळ नसते. पंधरा-वीस वर्षे वर्गात काढलेला शिक्षक एक दिवस मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक होतो आणि त्या दिवसापासून हेच त्याचे मुख्य काम ठरते. हे काम शिकवण्यासाठी एक ते पाच दिवसांच्या छोट्या कार्यशाळा घेतात. त्यात तीन प्रकारची माणसे येतात. पहिली शाळेतली: मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक. दुसरी शाळांवर देखरेख करणारी: जिल्हा परिषदेत केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी, मुंबई महापालिकेत विभाग निरीक्षक, ज्यांना सगळे ‘बीट ऑफिसर’ म्हणतात. तिसरी साधन केंद्रांतली: विषयतज्ज्ञ आणि साधनव्यक्ती. त्यांच्याकडे अधिकार जवळपास नसतो. असते ती फक्त शिक्षकाच्या शेजारी बसून मदत करण्याची जबाबदारी.

यांपैकी शाळेतल्या पदांवर माणूस पोहोचतो तो प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेने. खासगी अनुदानित शाळांना लागू असलेल्या १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीत मुख्याध्यापकपदासाठी समाधानकारक सेवा असलेल्या सर्वांत ज्येष्ठ पात्र शिक्षकाचा विचार होतो. या पद्धतीत वशिल्याला वाव कमी राहतो, ही मोठीच गोष्ट आहे. पण उत्तम गणित शिकवणाऱ्या बाई दुसऱ्या बाईंना गणित शिकवायला उत्तम मदत करतीलच, असे त्यातून निघत नाही. शिवाय कालपर्यंत शिक्षक-खोलीत एकाच डब्यातून पोळीभाजी खाणाऱ्या मैत्रिणीच्या वर्गात आज वही घेऊन जाऊन बसायचे, याचा संकोच दोघींनाही असतो. बहुतेक नवे मुख्याध्यापक यातून सोपी वाट काढतात. ते दप्तर सांभाळतात, पोषण आहाराचा हिशेब ठेवतात, सरल आणि यू-डायस या ऑनलाइन प्रणालींत माहिती भरतात. वर्गात जाण्याचे काम उद्यावर ढकलले जाते.

तपासणीची परंपरा मात्र जुनी आहे. इंग्रजी अमदानीत ‘इन्स्पेक्टर’ यायचा, मुलांना प्रश्न विचारायचा आणि त्याच्या शेऱ्यावर शाळेचे अनुदान अवलंबून असायचे. स्वातंत्र्यानंतर माणसे बदलली, पण शेराबुक तसेच राहिले. आजही साहेब आले की शाळेत लगबग सुरू होते, फलकलेखन ताजे होते, टाचणवह्या टेबलावर मांडल्या जातात. भेटीनंतर शेराबुकात चार ओळी उमटतात. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातले नाते गुण देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे होऊन बसते. छोट्या कार्यशाळेला पहिली झुंज द्यावी लागते ती या सवयीशी.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) या दुखण्यावर नेमके बोट ठेवले होते. प्रशासन वेगळे आणि शैक्षणिक मार्गदर्शन वेगळे असावे, आणि जवळच्या शाळांनी मिळून ‘शाळा-संकुल’ करावे, अशी त्याची शिफारस होती. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूरकडचे. भारतीय शिक्षण संस्था त्यांनी १९४८ साली मुंबईतच काढली. पुढे ती पुण्याला गेली. संकुलाची कल्पना महाराष्ट्रात प्रत्यक्ष उतरायला १९९४ उजाडले. त्या वर्षी केंद्रशाळांची योजना आली, राज्यात ४,८६० केंद्रे ठरली आणि प्रत्येक केंद्राला एक केंद्रप्रमुख. साधारण दहा शाळांमागे एक माणूस, आणि त्याचे काम मदतीचे. दर महिन्याला केंद्रातल्या शिक्षकांनी एकत्र जमून शिकवण्याविषयी बोलायचे, ती शिक्षण परिषद. कल्पना चांगलीच होती. प्रत्यक्षात अनेक पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली, एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा अतिरिक्त कार्यभार आला, आणि केंद्रप्रमुख बराचसा माहिती गोळा करून वर पाठवणारा माणूस झाला. त्याच सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातून, आणि पुढे सर्व शिक्षा अभियानातून, गट साधन केंद्रे आणि समूह साधन केंद्रे आली. शहरात त्यांचीच भावंडे म्हणजे शहर साधन केंद्रे.

याच काळात प्रशिक्षणाची एक पद्धत महाराष्ट्रात घट्ट रुजली. राज्यस्तरावर काही तज्ज्ञ तयार करायचे, त्यांनी जिल्ह्याचे तज्ज्ञ तयार करायचे, त्यांनी तालुक्याचे, आणि तिथून शेवटी शिक्षक. नव्वदीतल्या ‘स्मार्ट पीटी’पासून २०१९च्या ‘निष्ठा’पर्यंत मोठ्या मोहिमा याच पायऱ्यांनी उतरल्या. ‘निष्ठा’चे लक्ष्य तर देशभरातले ४२ लाख शिक्षक आणि शाळाप्रमुख. एवढ्या संख्येला दुसरा मार्ग सुचणे अवघड, हे मान्य करायला हवे. पण प्रत्येक पायरीवर काहीतरी सांडते. राज्यस्तरावर पुण्यात तीन तास करून पाहिलेली कृती जिल्ह्यात एक तास सांगितली जाते आणि तालुक्याला तिची एक स्लाइड उरते. सांडते ते नेमके करून पाहण्याचे भाग, कारण वेळ कमी पडला की तेच आधी कापले जातात. माहिती शेवटपर्यंत पोहोचते, कसब पोहोचत नाही. मार्गदर्शनाचे काम तर जवळजवळ सगळेच कसबाचे आहे.

मुंबईच्या उपनगरांत या कामाला आणखी काही पदर आहेत. महापालिकेच्या शाळांचा कारभार प्रभागांप्रमाणे चालतो. अंधेरी म्हणजे के पूर्व आणि के पश्चिम, बोरिवली आर मध्य, मुलुंड टी, घाटकोपर एन. प्रभागाला शाळांचे प्रशासकीय अधिकारी, त्यांच्या हाताखाली विभाग निरीक्षक. खासगी अनुदानित माध्यमिक शाळा मात्र राज्याच्या शिक्षण निरीक्षकांकडे येतात. पश्चिम उपनगरांचे कार्यालय जोगेश्वरीला आणि पूर्वेकडच्यांचे चेंबूरला. त्यामुळे एकाच गल्लीत समोरासमोर असलेल्या दोन शाळांचे मुख्याध्यापक आयुष्यात एकाही कार्यशाळेत शेजारी बसलेले नसतात. विनाअनुदानित इंग्रजी शाळांची तर वेगळीच दुनिया.

त्यात भाषा. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. एकाच इमारतीत सकाळी एका माध्यमाची शाळा आणि दुपारी दुसऱ्या, किंवा एका मजल्यावर मराठी आणि वरच्यावर उर्दू, हे नेहमीचे दृश्य. मराठीत वाढलेला मार्गदर्शक तमिळ माध्यमाच्या दुसरीत जाऊन बसला तर वाचनाचा तास त्याला कितीसा कळणार? इथे एक उपयोगी गोष्ट अशी, की भाषा न कळणाऱ्या वर्गात माणूस आपोआप मुलांकडे पाहू लागतो. कोण बोलते आहे, किती जण वही न उघडता बसले आहेत, बाईंनी प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ थांबल्या, कोणत्या कोपऱ्याकडे एकदाही वळल्या नाहीत, हे सगळे भाषेशिवाय दिसते. म्हणून मुद्दाम अनोळखी भाषेतल्या तासाची चित्रफीत दाखवून सुरुवात करणे हा निरीक्षणाचा फार चांगला पहिला धडा ठरतो. विषयाच्या खोलीत जाण्यासाठी मात्र त्या माध्यमाचाच जाणकार लागतो, त्याला पर्याय नाही.

आणि अंतर. मुलुंडचा मुख्याध्यापक बोरिवलीच्या कार्यशाळेला निघाला तर लोकलने दादरपर्यंत खाली यायचे आणि पश्चिम रेल्वे धरून पुन्हा वर जायचे, नाहीतर रस्त्याने वाहतुकीत अडकायचे. २०१४ साली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा पूर्व आणि पश्चिम उपनगरे थोडी जवळ आली. तरीही सकाळी दहाला येणारा माणूस साडेअकरापर्यंत घामेजलेला असतो आणि चार वाजता त्याचे डोळे घड्याळाकडे जातात. कार्यशाळेचे सहा तास कागदावर सहा असले तरी हाताशी चारच येतात. जिल्ह्याच्या गावी चालणारी पाच दिवसांची निवासी रचना उचलून इथे आणली तर ती नीट बसत नाही. उपनगरात प्रभागातल्याच एखाद्या शाळेत, पायी किंवा एका बसने पोहोचता येईल अशा ठिकाणी, अर्ध्या दिवसाची बैठक अधिक पदरात पाडते. दोन अधिवेशनांची सोयही तिला जमते: सकाळच्या शाळेचे मुख्याध्यापक दुपारी मोकळे होतात, आणि त्याच इमारतीत दुपारचा वर्ग चालू असतो, म्हणजे पाहायला खरा तास मिळतो.

अशा बैठकीत नेमके काय घडावे? तीन गोष्टी: पाहणे, बोलणे आणि परत जाणे. बाकीचे विषय, म्हणजे नेतृत्वाचे गुण, प्रेरणा, ताणव्यवस्थापन, एकविसाव्या शतकाची कौशल्ये, कार्यक्रमपत्रिकेत शोभतात, पण दोन दिवसांत त्यांतून हाती काही लागत नाही.

पाहण्याचा भाग आधी. समजा, तिसरीचा वर्ग आहे आणि हातच्याची वजाबाकी चालू आहे. बाईंनी फळ्यावर ५२ वजा २७ मांडले आहे. टेबलावर आइस्क्रीमच्या काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. बाई एक गठ्ठा सोडतात, दहा काड्या सुट्या करतात, बारातून सात काढून दाखवतात. मुले एका सुरात ‘पाच!’ म्हणतात. मग चारातून दोन गेले, दोन राहिले. उत्तर २५. त्यानंतर मुलांना वहीत तीन गणिते. हा सात-आठ मिनिटांचा भाग सगळ्यांना दाखवायचा आणि जे दिसले ते लिहायला सांगायचे.

पहिल्या फेरीत येणारी वाक्ये जवळजवळ ठरलेली असतात. ‘वर्गनियंत्रण चांगले.’ ‘शैक्षणिक साहित्याचा वापर केला.’ ‘मुलांचा सहभाग उत्तम.’ ‘फळ्यावरचे अक्षर सुवाच्य.’ ही लॉगबुकाची, म्हणजे पाहिलेल्या तासांच्या अधिकृत नोंदवहीची, भाषा आहे आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने ती हातातून आपोआप उतरते. या वाक्यांत मत आहे, पुरावा नाही. ‘सहभाग उत्तम’ म्हणजे काय दिसले? एका सुरात उत्तर आले, हे दिसले. किती मुलांच्या तोंडून आले, हे त्या सुरात कळत नाही. काड्या कोणी हाताळल्या? फक्त बाईंनी. तिसऱ्या रांगेतल्या मुलांच्या वहीत काय उत्तर आले? चित्रफितीत कॅमेरा तिथून फिरलेला असतो आणि तीन वह्यांत ३५ दिसते. म्हणजे मुलांनी एकक घरात सातातून दोन वजा केले, मोठ्यातून लहान, आणि दशक घरात पाचातून दोन. पद्धत चुकीची, पण तिला स्वतःचा एक सुसंगत तर्क आहे. ही चूक जगभरची मुले करतात. ती सापडली की पुढच्या संभाषणाचा विषय आपोआप सापडतो. ‘वर्गनियंत्रण चांगले’ या वाक्यातून कोणताही विषय निघत नाही.

दुसऱ्या फेरीत तीच चित्रफीत पुन्हा दाखवायची आणि अट घालायची की विशेषण वापरायचे नाही. फक्त काय घडले, कोणी केले, किती जणांनी, किती वेळ. विशेषणे काढून घेतली की अनुभवी माणसेही क्षणभर गोंधळतात. मग हळूहळू वहीत आकडे आणि कृती उतरू लागतात: ‘बाईंनी नऊ प्रश्न विचारले, आठ सगळ्या वर्गाला, एक नावाने.’ कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी एवढे साधले तरी दिवस सार्थकी लागला म्हणावे.

बोलण्याचा भाग त्याहून अवघड. आपल्याकडे शाळेत मुख्याध्यापिकेला ‘मोठ्या बाई’ म्हणतात, आणि त्या एका शब्दात दरारा आणि माया दोन्ही आहेत. मोठ्या बाईंनी तासानंतर बोलावले की शिक्षिकेच्या पोटात गोळा येतो. तिला धीर द्यावा म्हणून मोठ्या बाई म्हणतात, ‘तास छान झाला हो. फक्त मागच्या मुलांकडे जरा लक्ष द्या.’ शिक्षिका ‘हो बाई’ म्हणते आणि जाते. दोघी सुटकेचा निःश्वास टाकतात. उद्याचा तास मात्र आजच्यासारखाच होतो, कारण ‘जरा लक्ष द्या’ म्हणजे नेमके काय करायचे ते दोघींनाही ठाऊक नसते.

तेच संभाषण दुसऱ्या रीतीने कसे चालेल, हे कार्यशाळेत बसवून घ्यावे लागते. मोठ्या बाई वही पुढे करतात. ‘या तीन मुलांनी ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलंय. त्यांनी काय केलं असेल?’ शिक्षिका थोडी थांबते. ‘सातातून दोन काढले बहुतेक.’ ‘गठ्ठा सोडताना ती काय करत होती?’ ‘बघत होती. गठ्ठा मीच सोडला.’ इथे मोठ्या बाईंनी गप्प राहायचे असते, आणि हीच सगळ्यांत कठीण गोष्ट आहे. उत्तर जिभेवर आलेले असते. चार-पाच सेकंद थांबले तर शिक्षिकाच म्हणते, ‘उद्या दोघादोघांत काड्या देते. गठ्ठा त्यांनाच सोडू दे.’ ‘चालेल. उद्याच्या तासाला मी दहा मिनिटं येते, त्या तिघांजवळच बसते.’ एवढेच. कौतुक नाही, उपदेश नाही. एकच बदल ठरला आणि परत येण्याची वेळ ठरली. संभाषण पाच-सहा मिनिटांत आटोपते, आणि ते आटोपलेच पाहिजे, कारण मोठ्या बाईंच्या दारात तोवर पालक, शिपाई आणि कोणाचा तरी दाखला उभा असतो.

या सरावासाठी वेगळे तंत्र शोधायची गरज नाही. बी.एड. केलेल्या प्रत्येकाने सूक्ष्म अध्यापन केलेले असते: एकच कौशल्य, पाच-सात मिनिटांचा पाठ, वर्गमित्रच विद्यार्थी, लगेच प्रत्याभरण आणि पुन्हा पाठ. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ साली हे तंत्र घडले आणि १९७०च्या दशकात भारतातल्या अध्यापक महाविद्यालयांत पसरले. पुढे आपल्याकडे त्याचा बराचसा कर्मकांडी उरका झाला, हे खरे. पण मूळ युक्ती बळकट आहे, आणि तीच पाठाऐवजी संभाषणाला लावली की झाले. तिघांचा गट: एक मुख्याध्यापक, एक शिक्षक, तिसरा पाहणारा. पहिले संभाषण, त्यावर तिसऱ्याची दोन वाक्ये, आणि तेच संभाषण लगेच पुन्हा. हे पुन्हा करणे टाळले तर सगळा सराव नाटकाच्या वाचनासारखा होतो. लोक लाजतात, हसतात, ‘कळलं हो’ म्हणतात. कळलेले आणि जमलेले यांत किती अंतर आहे, ते दुसऱ्या फेरीत त्यांचे त्यांनाच जाणवते.

एवढे सगळे नीट केले तरी नुसत्या कार्यशाळेवर थांबता येत नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८०च्या दशकात मांडले की सिद्धान्त सांगितला, पाठ दाखवला, सरावही घेतला, तरी वर्गात परतल्यावर सोबत कोणी नसेल तर नवे कौशल्य टिकत नाही. सोबत मिळाली तर टिकते. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात याची सरळ तुलना झाली. दोन्ही गटांतल्या शिक्षकांना तेच पाठनियोजन आणि तेच वाचनसाहित्य दिले. एका गटाला वर्षातून दोनदा दोन-दोन दिवस एकत्र बोलावून प्रशिक्षण दिले. दुसऱ्या गटाच्या वर्गात मार्गदर्शक नियमित जाऊन बसले. दोन वर्षांनी मुलांच्या वाचनात दुसऱ्या गटाची वाढ पहिल्याच्या जवळपास दुप्पट निघाली. मॅथ्यू क्राफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली अशा ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात शिक्षकांच्या शिकवण्यात बराच आणि मुलांच्या गुणांत थोडा कमी, पण ठोस फरक दिसला. त्याच आढाव्यात एक काळजीची गोष्टही आहे: कार्यक्रम मोठा होत गेला की परिणाम उतरत जातो. चांगले मार्गदर्शक घाऊक प्रमाणात तयार होत नाहीत.

ते तयार कसे होतात, याचे एक उत्तर मुंबईच्या वस्त्यांतून निघालेल्या कामाने दिले. ‘प्रथम’ ही संस्था १९९५ साली मुंबईत सुरू झाली. तिचा ‘बालसखी’ कार्यक्रम मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चालला. वस्तीतलीच, शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुणी मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन बसायची. तिला सुरुवातीला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि मग वर्षभर सोबत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली, आणि सर्वाधिक लाभ तळाच्या मुलांना झाला. पण बालसखी शाळेबाहेरची होती. हीच पद्धत सरकारी शिक्षकांनी स्वतः वापरावी म्हणून बिहार आणि उत्तराखंडात साहित्य आणि प्रशिक्षण देऊन पाहिले, तेव्हा फारसे काही हलले नाही. हरियाणात २०१२–१३ मध्ये एक गोष्ट बदलली. शिक्षकांना प्रशिक्षण देण्याआधी गट पातळीवरच्या साधनव्यक्तींनी प्रशिक्षण घेतले आणि मग १५ ते २० दिवस स्वतः शाळेत जाऊन मुलांना त्या पद्धतीने शिकवले. मगच ते शिक्षकांपुढे उभे राहिले आणि पुढे त्यांच्या वर्गांना भेटी देत राहिले. या वेळी मुलांच्या वाचनात फरक पडला.

हे पंधरा-वीस दिवस फार मोलाचे आहेत. स्वतः चाळीस मुलांपुढे उभा राहून घाम गाळलेला मार्गदर्शक शिक्षकाला ‘जरा लक्ष द्या’ म्हणत नाही. त्याला ठाऊक असते की काड्यांचे गठ्ठे वाटायलाच सहा मिनिटे जातात, की दोन मुले काड्यांनी तलवारबाजी करतात, की तास संपल्यावर गठ्ठे पुन्हा बांधायला कोणीतरी लागते. तो त्याच सहा मिनिटांविषयी बोलतो आणि शिक्षक ऐकतो. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी ज्ञानरचनावादी वर्गांचे जे काम उभे केले, ते पाहायला राज्यभरातले शिक्षक आणि अधिकारी गाड्या करून गेले. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय निघाला, त्यानंतर तर हा ओघ आणखी वाढला. तिथे पाहण्यासारखे खूप होते, पण अनेक जण जमिनीवर आखलेल्या रंगीत तक्त्यांचे फोटो घेऊन परतले आणि आपल्या शाळेत तसेच तक्ते रंगवून बसले. अधिकारीपदावरचा माणूस तपासणीची वही बाजूला ठेवून वर्षानुवर्षे वर्गात बसतो तेव्हा शिक्षकाला प्रयोग करायची भीती वाटेनाशी होते, ही गोष्ट फोटोत येत नाही.

उपनगरातल्या मुख्याध्यापकाला पंधरा दिवस सलग वर्ग घेणे शक्य नाही, पण आठवड्याला तीन तास एका वर्गाचा एक विषय आपल्याकडे ठेवणे अनेकांना जमते. पर्यवेक्षकांकडे तर काही तासिका असतातच. म्हणून कार्यशाळेत येताना स्वतःच्या वर्गातल्या मुलांच्या पाच वह्या आणायच्या, अशी अट घालावी. ज्याच्याकडे दाखवायला वही नाही, त्याला दुसऱ्याच्या वहीवर बोलणे जड जाते, आणि ते जड जाणे योग्यच आहे.

वेळापत्रकाचा विचार मुंबईच्या वर्षाप्रमाणे करावा लागतो. जूनच्या मध्यात शाळा उघडतात. त्याच्या आधीचा आठवडा कार्यशाळेला सर्वांत सोयीचा, पण तेव्हा वर्ग नसतात, म्हणून त्यात चित्रफितीवरचे निरीक्षण आणि संभाषणाचा सराव उरकावा. जुलैत पाऊस कधी शाळा बंद करील सांगता येत नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात दुसरी बैठक, प्रत्यक्ष वर्गासह. मग गणपती, चाचण्या, प्रथम सत्र परीक्षा, दिवाळी. तिसरी बैठक दिवाळीनंतर लगेच आणि चौथी जानेवारीत, कारण फेब्रुवारी उजाडला की माध्यमिक शाळा बोर्डाच्या परीक्षेच्या स्वाधीन होतात. मध्येच निवडणुकीचे काम आले तर सगळे पुढे सरकते. चार अर्धे दिवस म्हणजे सोळा तासांच्या आत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. ते तास ऑनलाइन चित्रफिती पाहून आणि प्रमाणपत्रे उतरवून घेऊनही भरतात, आणि बऱ्याचदा तसेच भरले जातात. त्यांतले सोळा या कामाला मिळाले तर उरलेल्यांविषयी फार तक्रार राहणार नाही.

गटाचा आकार पंधरा ते वीस. तिघातिघांचे पाच-सहा गट झाले की दोन सुलभक प्रत्येक गटाजवळ बसू शकतात. शंभर मुख्याध्यापकांना सभागृहात बसवून केलेले उद्बोधन वेगळे, त्याला कार्यशाळा म्हणू नये. सुलभक कोण असावा, याचेही उत्तर उपनगरांतच सापडते. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, एसएनडीटीचा जुहू परिसर, इथे विषयाचे आणि अध्यापनाचे जाणकार आहेत. त्यांच्या जोडीला प्रभागातलाच, नावाजलेला पण अजून वर्गात शिकवणारा एखादा मुख्याध्यापक असला की चर्चा जमिनीवर राहते. विभाग निरीक्षकांनी मात्र सुलभक होऊ नये. त्यांनी शिकाऊ म्हणून, इतरांसारखेच तिघांच्या गटात बसावे. गोपनीय अहवाल ज्यांच्या हाती, त्यांच्यापुढे कोणी चुकायला धजत नाही.

त्यातूनच एक नाजूक प्रश्न उरतो: तपासणी आणि मदत एकाच माणसाने करावी का? कोठारी आयोगाचे उत्तर ‘नाही’ होते. शाळेत दोन वेगळी माणसे नेमणे परवडत नाही, म्हणून मुख्याध्यापकालाच दोन्ही भूमिका कराव्या लागतात. निदान दोन वह्या तरी वेगळ्या असाव्यात. लॉगबुक ही अधिकृत नोंद, ती अधिकारी पाहतात. मदतीच्या भेटींची साधी शंभर पानी वही वेगळी, शिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्यातच राहणारी. हे शिक्षकाला आधी सांगितलेले असावे आणि वर्षभर पाळलेले असावे. एकदा जरी त्या वहीतले वाक्य कोणाच्या गोपनीय अहवालात उतरले, तरी बातमी दुपारच्या सुट्टीच्या आत सगळ्या शाळेत पसरते आणि वही निरुपयोगी होते.

कार्यशाळा कशी झाली हे शेवटच्या दिवशीच्या अभिप्राय-पत्रकावरून कळत नाही. चहा चांगला होता आणि सर छान बोलले, हेच बहुधा त्यात येते. तीन महिन्यांनी ती शंभर पानी वही उघडून पाहावी, शिक्षकाचे नाव झाकून. प्रत्येक भेटीला पाच रकाने: तारीख आणि वर्ग, काय दिसले, काय ठरले, परत कधी जायचे, आणि परत गेल्यावर काय दिसले. पहिले तीन रकाने बहुतेकांचे भरलेले असतात. चौथ्यात तारखा असतात, काही खोडलेल्या. पाचवा अनेकांचा कोरा राहतो. पुढच्या बैठकीची सुरुवात त्या कोऱ्या रकान्यापासून करायची: त्या दिवशी परत का जाता आले नाही, दारात कोण उभे होते, आणि त्या तीन मुलांच्या वहीत आता काय उत्तर येते आहे.